लंकाबाईचे समोरचे दोन दात

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात एरवी बैलांची तोंडं उघडली जातात. घेणारा बैलाचा जबडा फाकवतो, किती दात आलेत ते बघतो आणि मग किमतीचं बोलणं सुरू होतं. पण १९७१ च्या दिवाळीनंतर बाजाराच्या खालच्या अंगाला, लिंबाखाली, माणसांची तोंडं उघडायला लागली. गालाला फडकी बांधलेली पन्नास-साठ माणसं तिथं रांगेनं उकिडवी बसत. त्यांच्याभोवती दुपटीनं बघे. बैल दावणीला तसेच उभे, आणि मालक इकडे माना उंचावून बघतायत.

लिंबाखाली सहादेव महाराज. काळी कफनी, कानात मुद्रा, पुढ्यात पाण्यानं भरलेली परात आणि बाजूला पेटती शेगडी. शेगडीवर तापून लाल झालेलं खापर. ज्याचा दात दुखतो त्यानं परातीवर मान घालून बसायचं. खापर परातीच्या मधोमध विटेवर ठेवलं जाई, डोक्यावरून काळी घोंगडी टाकली जाई. महाराज घोंगडीखाली हात घालून खापरावर तुपातला ‘अंगारा’ टाकत. तडतड आवाज येई, धुराचा लोट उठे, आणि आतला माणूस आ वासून खोकत, लाळ गाळत बसे.

वरून महाराजांची घंटा आणि तोंड, दोन्ही चालू.

“अलख निरंजन! नवनाथांची आन! दाढंखालचा दैत्य, हिरडीतला हैवान, निघ म्हनलं की निघ, न्हाई तर जाळीन तुजं खानदान! निघाला का? निघाला! काढा घोंगडी!”

घोंगडी निघे. परातीतल्या पाण्यावर खरोखरच किडे तरंगत असत. पांढरे, बारीक, गोल वळलेले. कुणाचे पाच, कुणाचे अकरा.

“आयाया! येवढं दाढंत हुतं?” बाया तोंडाला पदर लावत.

त्या गर्दीच्या मागं एक माणूस टाचा उंचावून हे सगळं बघत होता. तो माणूस मी. रस्त्याच्या पलीकडे शंभर पावलांवर माझा दवाखाना होता. दारावर नवी कोरी पाटी: डॉ. मच्छिंद्र शेळके, बी.डी.एस., दातांचे डॉक्टर. आत मुंबईहून आणलेली खुर्ची आणि पायानं चालवायचं दात कोरण्याचं यंत्र. त्या दिवशी सकाळपासून माझ्याकडे दोन माणसं आली होती. त्यातला एक सोनईची एसटी किती वाजता आहे ते विचारायला आलेला.

पुढं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं की ती फसवणूक पाहून माझं रक्त उसळलं. ते खरं नाही. मला हेवा वाटला. साधा, हिरवा हेवा. पाच वर्षं मुंबईत घासून मी जे शिकलो त्याला कुत्रंही विचारत नव्हतं, आणि एक खापर घेऊन बसलेल्या माणसापुढं रांग लागत होती. बाजार उठला तरी मी त्या रांगेतली माणसं आठवत बसायचो. जेवताना, अंघोळ करताना तेच. आठ-पंधरा दिवसांनी माझी बायको केशर म्हणाली, “अहो, तुम्ही झोपेत दात खाता. मला आधी वाटलं उंदीर पत्रा कुरतडतोय.”

मी आरशात पाहिलं. माझ्या सुळ्यांची टोकं चपटी व्हायला लागली होती. दातांचा डॉक्टर स्वतःचेच दात खात होता.

पुढच्याच एका बाजारी रांगेत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. वस्तीवरची बनुबाई. ती पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे येऊन गेली होती. वय पस्तिशीचं, पण तोंडातल्या दाढा सत्तरीच्या. वरचं पांढरं कवच झिजून आतला पिवळा भाग उघडा पडलेला, दाढा सपाट, पाटा घासून घासून होतो तशा. गार पाणी लागलं की कळ, सकाळी उठलं की जबडा जड, कानशिलं ठणकत.

जात्याच्या दळणात दगडाची बारीक कच असते, तिनंही दात झिजतात. म्हणून मी विचारलं, “घरातल्या बाकीच्यांचे दात कसे आहेत?”

“सासूचे सुपारी फोडत्यात आजून. आन् जावंचे तर काय, हसली की उजेड पडतुया.” शेवटचं वाक्य ती फार कडू बोलली.

एकाच जात्याची भाकरी खाऊन सासूचे आणि जावेचे दात शाबूत, आणि हिच्याच दाढा सपाट. म्हणजे दोष पिठाचा नव्हता. मी खुर्चीशेजारी उभा राहून, बाहेर बाकावर दोन माणसं बसलेली असताना, खणखणीत आवाजात सांगितलं, “बाई, तुम्ही झोपेत दात खाता. तुमचे दात तुम्हीच झिजवलेत.”

ती ताडकन उठली. “झोपंत दात खानारी बाई घर खाती म्हनत्यात. मी काय भुताळी हाय व्हय?” आणि पदर सावरत निघून गेली. माझं निदान बरोबर होतं. सांगण्याची पद्धत मात्र एखाद्या फौजदाराची होती. ती माझ्याकडून उठली ती थेट महाराजांच्या रांगेत जाऊन बसली, यात माझाही वाटा होता.

आता तिच्या डोक्यावर घोंगडी पडली. तडतड झाली, धूर झाला, घोंगडी निघाली. नऊ किडे. महाराजांनी किडे पाहिले, डोळे मिटले, मान हलवली.

“बाई, ह्ये साधं किडं न्हाईत. घातलेलं हायेत. घरात कोन लई हसतंय का गं?”

बनुबाई थबकली. मग हळूच म्हणाली, “जाऊ हसती माजी.”

“धाकली.”

“व्हय जी.”

“दात पांढरं.”

“व्हय जी! दुधावानी!”

महाराजांना अंतर्ज्ञान कसलंही नव्हतं. दात दुखणारी बाई ज्या घरात असते त्या घरात हसणारी बाई कोणीतरी असतेच. बाकीचं तिनंच पुरवलं, आणि गर्दीला वाटलं महाराजांनी ओळखलं.

“करनी तिच्या दातात हाय,” महाराज म्हणाले. “हसती आन् तुजं दात झिजत्यात. तिचं म्होरलं दोन दात काढा. फुडल्या बाजारी माज्या फुडं आनून टाका. मंग बघ, तुजं दुखनं पळतं का न्हाई.”

त्यांनी ते नऊ किडे पळसाच्या पानात बांधून तिच्या हातात दिले. घराच्या उंबऱ्याखाली पुरायला. मी गर्दीत होतो. मला ओरडावंसं वाटलं. पण हे किडे येतात कुठून, ते मलाही कळलं नव्हतं, आणि दातात किडे नसतात असं नुसतं म्हणणाऱ्याचं तिथं कोण ऐकणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. बनुबाईचा नवरा छगन उतरला, मागून बनुबाई, आणि शेवटी पंचविशीची एक सडपातळ बाई. तीच लंकाबाई. छगननं पटका काढून हातात धरला.

“डाक्टरसाहेब, हिचं म्होरलं दोन दात काढायचं हायेत.”

मी तिचं तोंड पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस निरोगी. असं तोंड महिन्यातून एखादं दिसतं.

“दुखतात का?”

“न्हाई,” लंकाबाई म्हणाली.

“मग?”

छगन जमिनीकडे बघत बोलला. “महाराजांनी सांगितलंय. भावकीत बोभाटा झालाय. कोन हिच्या हातचं पानी घेईना. आमी काय राक्षस न्हाई डाक्टर. घरी पकडीनं काढलं तर जीव जाईल तिचा. तुमाकडं सुई असती, दुखत न्हाई, म्हनून आनलं.”

तो मनापासून बोलत होता. मला घाम फुटला, तो त्या मनापासूनपणामुळेच. एखाद्या चांगल्या घरातला भला माणूस भावजयीचे दोन निरोगी दात काढून घ्यायला गाडी जुंपून आला होता, आणि आपण तिच्यावर उपकारच करतोय असं त्याला वाटत होतं.

“हिच्या नवऱ्याला ठाऊक आहे?”

“गोरख साखर कारखान्यावर हाय. गाळप चालू झालंय, महिनाभर यायचा न्हाई.”

“काढा डाक्टर,” लंकाबाई एकदम म्हणाली. आवाज घट्ट होता, पण खुर्चीचा हात धरलेली बोटं पांढरी पडली होती. “दोन दातांनी घरात शांतता ऱ्हात आसंल तर काढा. बिनादाताच्या बाया काय जगत न्हाईत?”

बनुबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचा जबडा हलत होता. जागेपणीसुद्धा ती दातावर दात घासत होती.

मी नाही म्हटलं असतं तर ते घरी पकड काढणार होते. म्हणून मी खोटं बोललो. “भुलीचं औषध संपलंय. बाजारच्या दिवशी सकाळी नगरहून येईल. तेव्हा आणा. तोवर पकडीला हात लावलात तर रक्त थांबायचं नाही, मग माझ्याकडे येऊ नका.” मग लंकाबाईला म्हणालो, “तुम्ही जरा थांबा, गुळण्या करायचं औषध देतो.”

बाकीचे गाडीकडे गेले. लंकाबाईनं झटकन कमरेची पिशवी सोडली आणि पळसाच्या पानाची पुडी माझ्यासमोर ठेवली.

“ह्ये बघा. जाऊबाईनं उंबऱ्याखाली पुरलं हुतं, म्या उकरून आनलं. डाक्टर, किडा धुरानं मेला तर काळा पडंल, सुकंल. ह्यो पांढरा कसा? आन् मी सातवी शिकलेली हाय, मला किडा कळतो.”

मी भिंग काढलं. इतके दिवस मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होतो, पण त्याच्या परातीतला एक किडा उचलून बघावा एवढंही मला सुचलं नव्हतं. भिंगाखाली पाहिलं. डोकं नाही. पाय नाहीत. तोंड नाही. एक टोक जाड, एक निमुळतं, आणि मधे वळलेला.

“ह्ये तर मोडाच्या मटकीतल्या कोंबावानी दिसतंय,” लंकाबाई भिंगात वाकून म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कोंब! बियातला कोंब!

“पण कसलं बी?” मी म्हणालो.

ती म्हणाली, “परवा जाऊबाई आली तवा तिच्या केसाला वास हुता. आमच्या म्हायेरी दात दुखला की रिंगनीच्या बियांची धुरी देत्यात. तसलाच वास.”

रिंगणी म्हणजे ती काटेरी, जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या गोळीएवढ्या फळांची. बांधाबांधावर उगवते. बाहेरून छगननं हाक मारली. लंकाबाई जाता जाता म्हणाली, “बाजाराच्या आदी कायतरी करा. आन् करनार आसाल तर मला सांगा. म्या येनार.”

त्या दुपारी केशर आणि मी कालव्याकडे गेलो आणि ओंजळभर रिंगणीची फळं आणली, हात ओरबाडून घेतले. वाळलेल्या फळांतलं बी काढलं, तुपात कालवलं. चुलीवर खापर तापवलं, ताटात पाणी घेतलं, मधोमध विटेवर खापर ठेवलं आणि वरून जुनं सतरंजीचं फडकं धरलं. चिमूटभर बी टाकलं. तड, तड, तड. फडकं काढलं.

ताटात चौदा किडे.

केशरनं तोंडावर हात ठेवला. “अगंबाई! दात तर कुणाचेच नव्हते इथं!”

गंमत एवढीच होती. तापलेल्या खापरावर तुपातलं बी फुटतं, आतला कोंब उडून बाहेर पडतो आणि पाण्यावर तरंगतो. धुरानं लाळ सुटते, हिरडी थोडी बधिरते, दोन दिवस ठणका कमी वाटतो. माणसाला खात्री पटते. दोन दिवसांनी पुन्हा दुखायला लागलं की ‘अजून किडे राहिलेत’ म्हणून पुन्हा रांग.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यात एक काटा होता. हे मी शोधलं नव्हतं. सातवी शिकलेल्या, दोन दात गमवायला निघालेल्या बाईनं शोधलं होतं. हेव्याचं असंच असतं. तो शत्रूवरून उठतो आणि मित्रावर जाऊन बसतो.

बाजारच्या दिवशी सकाळी मी भिमाजी दलालाला बोलावलं. घोडेगावात बैलांची दलाली करून म्हातारा झालेला माणूस. मी गावात केलेली पहिली कवळी त्याची. तो ती फक्त लग्नाकार्यात घालायचा, एरवी कोपरीच्या खिशात. मी त्याला सगळं समजावलं. तो पोट धरून हसला. मग हसू थांबवून म्हणाला, “लेकीबाळीचं दात मागतो काय भडवा? चला.”

त्यानं गालाभोवती फडकं गुंडाळलं आणि रांगेत जाऊन बसला. रांगेतले सगळेच तसे दिसत होते. मी, केशर, आणि छगनच्या गाडीतून आलेली लंकाबाई गर्दीत उभे राहिलो. छगन आणि बनुबाईही होते. दात अजून काढलेले नाहीत म्हणून छगन माझ्यावर वैतागला होता. मी म्हणालो, “अर्धा तास थांबा. महाराजांसमोरच काय ते करू.”

भिमाजीचा नंबर आला.

“दाढ लई ठनकतीया, म्हाराज,” तो फडक्यातून कण्हला.

“किती दिसाची?”

“लई वर्सांची.”

घोंगडी पडली. “अलख निरंजन! नवनाथांची आन! दाढंखालचा दैत्य, हिरडीतला हैवान...” तडतड झाली. घोंगडी निघाली. महाराजांनी बोट परातीकडे नेलं. “अकरा! म्हातारबा, अकरा किडं पोसलं हुतंस दाढंत!”

भिमाजी उठला. त्यानं गालाचं फडकं सोडलं, बैलाचा जबडा फाकवतात तसा दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा फाकवला आणि गोल फिरून सगळ्या गर्दीला आपलं तोंड दाखवलं. वर लाल हिरडी, खाली लाल हिरडी. मग खिशातून कवळी काढून उंच धरली.

“माजे दात हिकडं. किडं कुनाच्या दातातलं निगलं?”

गर्दीत हशा पिकला. पण महाराज कच्चे नव्हते. हशाच्या वर त्यांचा आवाज चढला. “दात गेलं म्हनून काय झालं? किडा हिरडीत घर करतो! म्हातारबाची हिरडी पोखरल्याली हुती, आज मोकळी झाली!”

हशा थांबला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. “आसंल बाबा,” कोणीतरी म्हणालं. मी पुढं व्हायला पाऊल उचललं, तोंडात मुंबईचं सगळं शास्त्र गोळा केलं. पण माझ्याआधी लंकाबाई परातीपाशी पोचली होती.

शेजारच्या बाईच्या कमरेवरची रिकामी पितळी घागर तिनं घेतली आणि परातीत, खापराच्या शेजारी आडवी ठेवली, तोंड धुराकडे करून. “हिला हिरडी न्हाई,” ती म्हणाली. मग पदराची गाठ सोडली. आदल्या दिवशी केशरनं वस्तीवर जाऊन तिला दिलेलं रिंगणीचं बी होतं त्यात, तुपात कालवलेलं. महाराजांनी तिचा हात धरायला हात पुढं केला, तोवर भिमाजीनं घोंगडी ओढून घागरीवर टाकली होती.

लंकाबाईनं घोंगडीखाली हात घालून बी टाकलं. तडतड झाली. तिनं मंत्र म्हटला नाही. फक्त म्हणाली, “मोजा आता,” आणि घोंगडी फेकली.

पाण्यावर वीसेक किडे तरंगत होते.

मग मी बोललो. सगळं सांगितलं, रिंगणीचं फळ फोडून दाखवलं, बी हातात देऊन चुरडायला लावलं. ज्यांनी चुरडलं त्यांना आतला पांढरा कोंब दिसला. एक म्हातारी तळहातावरचा कोंब बघत म्हणाली, “मी ह्येच तीनदा उंबऱ्याखाली पुरलं की गं माय.”

महाराज शेगडी न विझवताच उठले. चार-दोन तरण्यांनी त्यांची कफनी धरली. भिमाजी आडवा झाला. “हात लावू नका. पोलीसपाटलाकडं न्या.” नेलं. पुढं ते सुटले आणि गाव सोडून गेले. काही महिन्यांनी ऐकलं, पैठणकडच्या एका बाजारात एकजण कानातून किडे काढतोय. तोच असेल, नसेल.

बाजारात सगळे लंकाबाईभोवती जमले. “शाबास पोरी!” माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी पुन्हा दातओठ खाल्ले. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

छगन लंकाबाईसमोर उभा राहिला. तो तिचा थोरला दीर, तिच्याशी थेट बोलायची रीत नव्हती. तो बायकोकडे तोंड करून म्हणाला, “तिला म्हनावं, चुकलं.” बनुबाई तशीच गाडीत जाऊन बसली.

फसवणूक उघडी पडली, पण बनुबाईच्या दाढा सपाट त्या सपाटच राहिल्या. दीड महिन्यानं ती एकटीच माझ्या दवाखान्यात आली. या वेळी मी बाहेरचं दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर स्टुलावर बसलो.

“बाई, मागच्या वेळी मी चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं. पण खरं तेच होतं. आणि दात खाणारी बाई भुताळी असेल तर मीही भुताळ्याच आहे.” मी खिशातून एक डबी काढली. तिच्यात माझ्या वरच्या दातांवर बसणारी ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी होती. “ही मी झोपताना घालतो. दात दातावर घासायच्या ऐवजी पट्टीवर घासतात. पट्टी झिजते, दात वाचतात. पट्टी नवी करता येते. दात नाही.”

तिनं पट्टी बोटांनी चाचपली. मग म्हणाली, “तुमी कशापायी खाता दात?”

मी खरं सांगितलं. “त्या महाराजाच्या रांगेचा हेवा वाटायचा.”

ती प्रथमच थोडी हसली, ओठ मिटून. मग बोलायला लागली. लग्नाला वीस वर्षं झालेली. चौदा वर्षं पहाटे उठून तिनं घर ओढलं. मग लंका आली. सासूनं धान्याच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला दिली, कारण तिला लिहिता येतं. पत्र आलं की लंका वाचणार. गोरख कारखान्यावरून येताना लंकेसाठी वासाचं तेल आणणार. आणि लंका हसणार, अगदी साधं, कुणाला टोचावं म्हणून नव्हे. “तिचं काय चुकलं न्हाई, ह्ये मला म्हाईत हुतं डाक्टर. म्हनूनच लई जळायची. म्हाराज म्हनला तिनंच किडं घातलं, तवा बरं वाटलं मला. पयल्यांदा बरं वाटलं. दोन दात तर दोन दात, म्हनलं. आता त्ये आठवलं की...”

मी तिला धीर वगैरे दिला नाही. तिच्या जबड्याखाली कोमट पाण्याचा शेक कसा घ्यायचा, दिवसा काम करताना ओठ मिटलेले पण दात सुटे कसे ठेवायचे, ते सांगितलं. दातांचा साचा घेतला. आठ दिवसांत पट्टी तयार केली. तीन महिन्यांत सकाळचा ठणका गेला. मग उन्हाळ्यात सगळ्यात झिजलेल्या चार दाढांना धातूच्या टोप्या बसवल्या, पुण्याहून ओतून आणून. तेवढ्यानं दाढांची झिजून गेलेली उंची परत आली, उघडा पिवळा भाग झाकला गेला. टोप्या बसल्या त्या दिवशी तिनं भाजलेल्या शेंगदाण्यांचा बोकणा भरला आणि दोन्ही बाजूंनी चावून बघितला. पट्टी सोडायची नाही, हे मी तिला तीनदा बजावलं. टोप्या दात झाकतात, मन नाही.

लंकाबाईनं तिला लगेच माफ केलं, असं मी लिहिणार नाही. वर्षभर ती जावेच्या हातचं जेवली नाही, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. पुढं बनुबाईनं सासूला सांगून स्वतःही अक्षर शिकायला घेतलं. शिकवायला कोण? घरात लिहिता येणारी एकच होती. दोघी ओट्यावर पाटी घेऊन बसायच्या, एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या. तेवढं मी स्वतः पाहिलं आहे.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी. दुखणं खरं असतं, त्याला हसू नका. पण त्याचं कारण दुखत असेल तिथंच शोधा. शेजारच्या माणसात शोधू नका. कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, की हेच माणसाऐवजी एखाद्या घागरीवर करून दाखवता येईल का. आणि जो म्हणेल की तुमचं दुखणं दुसऱ्याला दुखवल्यानं बरं होईल, त्याला काहीच विचारू नका. तिथून उठा, आणि ज्याचं नाव त्यानं घेतलं असेल त्या माणसाशेजारी जाऊन उभे राहा.